बंब येईपर्यंतची दहा मिनिटे

२०११ च्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या रात्री, आमच्या पेठेतल्या एका भुसार दुकानाच्या माळ्यावर आग लागली. फटाक्याची ठिणगी रिकाम्या गोणपाटांच्या थप्पीवर पडली असावी, असे नंतर सगळ्यांनी मिळून ठरवले. खाली दुकान, वर माळा आणि माळ्याला लागूनच जुन्या वाड्याच्या तुळया. गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या कोणीतरी लगेच फोन केला. नगरपरिषदेचा बंबही लगेच निघाला. त्याबाबत कोणाला बोल लावता येणार नाही. घंटा वाजवत तो पेठेच्या वळणापर्यंत आला आणि तिथेच अडकला. पुढे जाता येईना, मागे वाहनांची रांग लागलेली. तो मागे घेऊन दुसऱ्या बाजूने आणेपर्यंत अर्धा तास गेला. तोवर माळा खाली बसला होता आणि वाड्याची मागची बाजू पेटली होती.

त्या रात्री गल्लीत शंभरावर तरुण पोरे उभी होती. गणपतीत चार दिवसांत मंडप उभा करणारी, दहीहंडीला पाच थर लावणारी हीच पोरे. कोणी आडातून पाणी शेंदत होते, कोणी घागरी पुढे देत होते. कोणी घरातले सिलिंडर बाहेर आणत होते, तर दुसरा कोणी ‘बाहेर नका आणू’ म्हणून ओरडत होता. ‘काका, शिडी कुठाय?’ असे मला एकाने तीनदा विचारले. शिडी मंडळाच्या खोलीत कुलपात होती आणि किल्ली ज्याच्याकडे होती, तो सासुरवाडीला गेला होता. शेवटी एक जण पन्हाळीला धरून पत्र्यावर चढला. तापलेला पत्रा वाकला आणि तो खाली पडला. त्याचा उजवा हात आजही खांद्याच्या वर जात नाही. वाड्यात एकट्या राहणाऱ्या आजींना वेळेवर बाहेर काढले, ही देवाची कृपा. पण त्यांचा सगळा संसार जळाला. त्या मुलीकडे राहायला गेल्या, त्या पुन्हा पेठेत आल्या नाहीत.

त्या रात्री हातांची कमतरता नव्हती आणि हिमतीचीही नव्हती. नव्हते ते एवढेच, की शंभरातल्या एकालाही आपण नेमके काय करायचे हे ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असते तरी करायला हाताशी साधन नव्हते. साठ-सत्तर हजार वस्तीच्या गावाने आपल्या आळीआळीत स्वयंसेवकांचे एक छोटे अग्निशमन केंद्र का उभारू नये, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. या लेखात तो जरा तपशिलाने मांडायचा आहे.

आगीचे गणित

आग पहिल्या मिनिटाला एका ओल्या पोत्याने विझते. तिसऱ्या मिनिटाला तिला दोन बादल्या लागतात. दहाव्या मिनिटाला बंब लागतो आणि अर्ध्या तासाने तीन बंबही तिच्याकडे पाहत उभे राहतात. शिवाय आपल्या घरांतले सामानही बदलले आहे. पूर्वीच्या घरात लाकडाचा पलंग, कापसाची गादी आणि सुती पडदे असत. ते धुमसत, हळूहळू पेटत. आता फोमच्या गाद्या, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि पॉलिएस्टरचे पडदे आहेत. अशा सामानाने भरलेली खोली चार-पाच मिनिटांत संपूर्ण भडकू शकते, आणि ज्वाळेआधी धूर माणसाला गाठतो. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळे दगावली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला आणि किमान अकरा रुग्ण गेले. दोन्ही ठिकाणी आग साऱ्या इमारतीला नव्हे, एका कक्षाला लागली होती.

शहरी भागात वर्दी मिळाल्यापासून पाच ते सात मिनिटांत बंब पोचावा, अशी केंद्राच्या स्थायी अग्निशमन सल्लागार समितीची अपेक्षा आहे. ती योग्यच आहे. पण वर्दी मिळण्याआधीची मिनिटे त्यात धरलेली नाहीत. धूर कुठून येतो हे पाहण्यात एक-दोन मिनिटे, फोन कोणी करायचा यात एक मिनिट, पत्ता सांगण्यात एक मिनिट. ‘मारुतीच्या देवळामागे’ म्हणावे, तर गावात मारुतीची देवळे चार. म्हणजे सगळे सुरळीत झाले तरी दहा मिनिटे जातात. शिवाय छोट्या गावात बंब एखाद-दुसराच असतो आणि त्याला तालुक्यातल्या खेड्यांच्याही हाका असतात. उसाचा फड पेटला म्हणून बंब वीस किलोमीटरवर गेलेला असताना गावात आग लागली, तर शेजारच्या गावच्या बंबाची वाट पाहण्यापलीकडे हाती काही उरत नाही.

कायद्यात काही कमी नाही. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाने आग विझवणे हे नगरपरिषदेचे बंधनकारक कर्तव्य ठरवले. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली, तिच्यात अग्निशमन सेवा सातव्या क्रमांकावर आहे. २००६ साली राज्याने आग प्रतिबंध आणि जीवसंरक्षणाचा स्वतंत्र अधिनियम केला. २०२३ साली केंद्राने राज्यांच्या अग्निशमन सेवा अद्ययावत करण्यासाठी पाच हजार कोटी रुपयांची योजना आणली. तेव्हा एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. आळीतले केंद्र हे नगरपरिषदेच्या बंबाला पर्याय नव्हे. ‘आता पोरे आहेत ना, मग फायरमनची भरती कशाला?’ असे कोणी म्हणू लागला, तर त्या दिवशी ते केंद्र बंद करावे. केंद्र हवे ते पहिल्या दहा मिनिटांसाठी. ती दहा मिनिटे कोणत्याही सरकारी दलाची नसतात. ती आळीचीच असतात.

तालमीतून निघालेला बंब

ही कल्पना नवी नाही. जर्मनीतल्या डूर्लाख या छोट्या गावात १८४६ साली ख्रिस्तियान हेंग्स्ट या नगर-स्थापत्यकाराने स्वयंसेवकांची तुकडी उभी केली. हायडेलबर्गच्या कार्ल मेट्झने बनवलेला हातपंप तिच्याकडे होता. पुढच्याच वर्षी, २८ फेब्रुवारी १८४७ रोजी, शेजारच्या कार्लस्रूह या राजधानीतले दरबारी नाट्यगृह नाटकाच्या वेळी पेटले आणि साठांवर माणसे मेली. गोंधळलेल्या त्या गर्दीत शिस्तीने काम केले ते डूर्लाखच्या तुकडीने, आणि आजूबाजूच्या इमारती वाचल्या. त्यानंतर गावोगावी अशी पथके निघाली. त्यांतली कितीतरी व्यायाममंडळांतून निघाली, कारण चढणे, उतरणे आणि हुकूम ऐकणे या गोष्टी त्या पोरांना आधीच येत होत्या. आजही जर्मनीत पगारी दले मोठ्या शहरांपुरती आहेत. बाकी देश सुमारे दहा लाख स्वयंसेवकांच्या भरवशावर झोपतो.

जपानमध्येही मोहल्ल्यामोहल्ल्यात स्वयंसेवकांची पथके आहेत. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे कोबेचा भूकंप झाला, तेव्हा केंद्रबिंदूजवळच्या आवाजी बेटावरच्या होकुदान गावात घरे कोसळून सुमारे तीनशे माणसे अडकली. गावच्या पथकाने आणि शेजाऱ्यांनी दुपारपर्यंत सगळ्यांचा ठावठिकाणा लावला. कारण अगदी साधे होते. कोणाच्या घरात कोण कोणत्या खोलीत झोपते, हे त्यांना माहीत होते. बाहेरून आलेल्या कोणत्याही दलाला, मग ते कितीही तरबेज असो, ही माहिती असणे शक्य नव्हते.

आपल्याकडेही याची मुळे आहेत. ६ डिसेंबर १९४६ रोजी तेव्हाच्या मुंबई प्रांतात होमगार्ड दल स्थापन झाले, ते स्वयंसेवकांचेच. १९६८ च्या नागरी संरक्षण कायद्याखालच्या दलात अग्निशमनाची शाखा आहे. २०१६ साली सुरू झालेल्या ‘आपदा मित्र’ योजनेत सामान्य नागरिकांना आपत्तीत मदतीचे रीतसर शिक्षण दिले गेले. आणि लोणावळ्यासारख्या छोट्या गावात ‘शिवदुर्ग मित्र’ची पोरे आपापले कामधंदे सांभाळून, रात्री-अपरात्री फोन आला की दरीत अडकलेल्या माणसांना काढायला जातात. जे दरीत होऊ शकते ते पेठेत का होऊ नये? आपल्या गावांत तालमी आहेत, गणेश मंडळे आहेत, वर्गणी गोळा करण्याची शंभर वर्षांची सवय आहे. दहा दिवसांसाठी उभी राहणारी ही व्यवस्था तीनशे पासष्ट दिवस कशी वापरायची, एवढाच प्रश्न आहे.

खोली, पाणी, सामान, माणसे

मग असे केंद्र म्हणजे नेमके काय? सुरुवात जागेपासून करू. जागा आळीच्या पोटात हवी, तळमजल्यावर आणि थेट रस्त्यावर उघडणारी. आळीतल्या कोणत्याही दारापर्यंत सामान घेऊन तीन मिनिटांत धावत पोचता आले पाहिजे. मंडळाची खोली किंवा समाजमंदिराची पडवी चालेल. किल्ल्या एकाकडे ठेवायच्या नाहीत. तीन घरांत तीन, आणि चौथी काचेच्या पेटीत दारालाच.

दुसरी गोष्ट पाणी. नळ आले आणि आपण आड बुजवले, कोणी त्यांत कचरा टाकला, कोणी वर फरशी घातली. त्यांतले दोन तरी उपसून, झाकण बसवून पुन्हा तयार ठेवायला हवेत. नव्या इमारतींच्या तळाशी पाण्याच्या टाक्या असतात; त्या कुठे आहेत आणि झाकण कसे उघडते, याचा नकाशा केंद्राच्या भिंतीवर हवा. चार जणांना उचलता येईल असा छोटा पंप मिनिटाला २७५ लिटर पाणी फेकतो. म्हणजे पाच हजार लिटरची टाकी त्याला अठरा मिनिटे पुरते. बंब येईपर्यंत आगीला तिच्या खोलीतच कोंडून ठेवायला एवढे बहुधा पुरे होते.

तिसरी गोष्ट सामान. पंप एका हातगाडीवर पक्का बसवलेला असावा, कारण जिथे बंब जात नाही तिथे हातगाडी जाते. सोबत नळीच्या चार-सहा गुंडाळ्या आणि नोझल. नळीचे जोड नगरपरिषदेच्या बंबाच्या जोडांशी जुळतात की नाही, हे विकत घेण्याआधी पाहावे. न जुळणारी नळी ही नुसती अडगळ असते. शिवाय दोन शिड्या, दोर, लोखंडी हुक, पहार, कुऱ्हाड, भिजवायला गोणपाटे, वाळूच्या बादल्या, कोरड्या पावडरचे आणि विजेच्या आगीसाठी कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर, बॅटऱ्या, भोंगा, प्रथमोपचाराची पेटी आणि एक स्ट्रेचर. शिरस्त्राणे, जाड हातमोजे आणि बूट यांत काटकसर करू नये. पत्र्यावरून पडलेल्या त्या पोराच्या पायात त्या रात्री स्लिपर होती.

चौथी आणि सगळ्यांत अवघड गोष्ट माणसे. आपण स्वयंसेवक म्हटले की विशीतली पोरे डोळ्यांसमोर आणतो. पण सकाळी दहा ते संध्याकाळी सहा ही पोरे कॉलेजात, एमआयडीसीत किंवा शेजारच्या शहरात असतात. दुपारी दोन वाजता आळीत कोण असते? घरातल्या बायका, दुकानदार, निवृत्त माणसे. तेव्हा यादी घड्याळ पाहून करायला हवी. दुपारच्या पाळीत बचत गटाच्या बायका आणि गल्लीतले दुकानदार, रात्रीच्या पाळीत तरुण. गॅसशी रोज ज्यांचा संबंध येतो त्यांनाच सिलिंडरची आग विझवायला शिकवायचे नाही, याला काय म्हणावे? पेटलेल्या सिलिंडरवर ओले गोणपाट कसे टाकायचे आणि रेग्युलेटर कसा बंद करायचा, हे काकू-मावशींना एका दुपारी शिकवता येते.

शिकवायचे कोणी? अधिकाऱ्यांना शिकवणारे राष्ट्रीय महाविद्यालय नागपुरात आहे. ते १९५६ साली रामपूरला सुरू झाले आणि पुढच्या वर्षी नागपूरला आले. पण आळीला तिथे जायची गरज नाही. नगरपरिषदेच्या दलातला एक अनुभवी फायरमन महिन्यातून एका रविवारी आला तरी पुरे. एरवी या माणसाची आठवण आपल्याला फक्त आग लागल्यावर होते. तो दर महिन्याला येऊ लागला तर त्यालाही आळी कळेल: कुठे वळण आहे, कुठे तार खाली लोंबते, कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेले आजोबा आहेत.

शौर्य नको, शिस्त हवी

इथे एक धोका स्पष्ट सांगितला पाहिजे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे बोटीवरचा कापूस आणि दारूगोळा यांसह पेटलेले जहाज फुटले. आग विझवायला गेलेले मुंबई अग्निशमन दलाचे सहासष्ट जवान त्या दिवशी गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. ती शिकलेली, कसलेली माणसे होती. मग दोन रविवारच्या शिकवणीवर कोणी पेटत्या घरात शिरणार असेल, तर आपण केंद्र नव्हे, नवे अपघात उभारतो आहोत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला गावच्याच बोटीतून जीव वाचवायला निघालेली माणसे बोट उलटून बुडाली. चांगल्या हेतूने बोट तरंगत नाही.

म्हणून केंद्राचा पहिला नियम असा असावा, की धुराने भरलेल्या खोलीत स्वयंसेवकाने शिरायचे नाही. त्याची कामे ठरलेली. एकाने १०१ किंवा ११२ ला फोन करायचा आणि पत्ता नीट सांगायचा. एकाने मेन स्विच पाडायचा आणि महावितरणला कळवायचे. दोघांनी शेजारची घरे रिकामी करायची, यादीप्रमाणे माणसे मोजायची. दोघांनी रस्त्यावरच्या गाड्या हलवायच्या. एकाने कोपऱ्यावर उभे राहून बंबाला वाट दाखवायची. उरलेल्यांनी नळी अंथरून बाहेरून पाणी मारायचे आणि शेजारच्या भिंती भिजवत राहायचे. बंब आला की सूत्रे त्याच्या प्रमुखाच्या हाती द्यायची आणि तो सांगेल ते करायचे. प्रत्येक स्वयंसेवकाचा विमा आणि नगरपरिषदेचे लेखी ओळखपत्र, या दोन गोष्टी झाल्याशिवाय कोणाच्या हाती नळी देऊ नये.

पैशाचे म्हणाल तर पंप सोडून बाकीचे सामान आळीच्या वर्गणीच्या आवाक्यातले आहे. विसर्जनाच्या मिरवणुकीत ध्वनिक्षेपकांच्या भिंतींवर मंडळे किती उधळतात, हे मंडळांना माझ्याहून चांगले माहीत आहे. पंपासाठी नगरपरिषदेकडे हात पसरायला हरकत नाही. कर्तव्य तिचेच आहे.

खरी अडचण पैशाची नाही, कंटाळ्याची आहे. आग लागल्यानंतर महिनाभर सगळे येतात. सहा महिने आग लागली नाही की पंपावर धूळ बसते आणि वर्षाने खोलीत मंडपाचे बांबू येतात. दुसरी अडचण राजकारणाची. केंद्रावर कोणाचे नाव, उद्घाटनाला कोण, निवडणुकीत कोणाचा फलक, यात चांगली कामे बुडालेली आपण पाहिली आहेत. यावर मला सुचणारा उपाय एकच: केंद्राला रोजचे काम द्यावे. गणपतीच्या आणि नवरात्राच्या मंडपांतल्या वायरी तपासणे, आडात पडलेले वासरू काढणे, पावसाळ्यात पडलेले झाड बाजूला करणे, दवाखान्यांतली विझवायची सिलिंडरे भरलेली आहेत का पाहणे. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी पंप सुरू करून पाणी उडवणे. पोरेटोरे बघायला जमतील. जमू द्यावीत. पुढच्या दहा वर्षांचे स्वयंसेवक त्यांच्यातच आहेत.

आधी फूटपट्टी

गेल्या वर्षी आमच्या पेठेत आम्ही काही जण याच कामाला बसलो. सुरुवात मोजणीपासून केली. फीत घेऊन गल्ली मोजली, कुठे किती रुंद आहे ते कागदावर मांडले. बंबाला साधारण आठ फूट रुंदी लागते. गल्ली जवळजवळ सगळीकडे दहा-बारा फूट भरली. एकाच ठिकाणी, वळणावर, ती साडेसात फूट भरली. तिथे एका घराचा ओटा रस्त्यात पुढे आला होता. २०११ साली बंब अडकला तो याच ओट्यापाशी.

तो ओटा आमच्या घराचा आहे. माझ्या वडिलांनी बांधलेला. संध्याकाळी त्यावर बसून ते पेपर वाचत आणि अर्धी पेठ त्यांच्याभोवती गोळा होई. इतकी वर्षे मी त्या रात्रीची गोष्ट सांगत आलो; त्यात नगरपरिषद होती, मोटारसायकली होत्या, कुलपाची किल्ली होती, पण हा ओटा नव्हता. फितीचे दुसरे टोक ज्याच्या डाव्या हातात होते, तो पत्र्यावरून पडलेलाच. तो काही बोलला नाही. आकडा लिहून घेतला आणि पुढे गेला.

घरी आईला सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘त्यांना कळलं असतं तर त्यांनीच फोडला असता. गवंड्याला उद्याच बोलाव.’ दोन फूट ओटा आम्ही काढला. पुढच्या रविवारी नगरपरिषदेला विनंती करून बंब मागवला आणि रिकाम्या गल्लीतून एकदा चालवून पाहिला. वळणावर चालकाने एकदा मागे घेऊन पुन्हा पुढे घेतला आणि तो निघाला.

आमच्याकडे अजून पंप आलेला नाही. आड उपसून झाला आहे, यादी झाली आहे, चार किल्ल्या चार ठिकाणी गेल्या आहेत. विम्याचा अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर आहे. पण तुमच्या आळीत यातले काहीच झाले नसेल, तरी एक गोष्ट आजच्या रविवारी होऊ शकते. घरात शिवणाची फीत असेलच. ती घ्या आणि आपल्या दारापासून मोजायला सुरुवात करा.